विश्वासू७७ने परत केलेला कॅमेरा

बाईंचा नवरा गेला तेव्हा मागे पेन्शन राहिली, गुडघ्याची कायमची तक्रार असलेली त्याची धाकटी बहीण राहिली आणि एकेचाळीस कॅमेरे राहिले. पेन्शन बाईंच्या नावावर झाली. नणंद वीस वर्षांपासून घरातच होती, तिचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता कॅमेऱ्यांचा. त्यांनी आतल्या खोलीतलं कपाट खाल्लं होतं, पलंगाखालच्या दोन ट्रंका खाल्ल्या होत्या आणि नवऱ्याच्या हयातीतले सगळे रविवार खाल्ले होते. रविवारी सकाळी एकेक कॅमेरा काढायचा, फुंकर मारून पुसायचा, कानाशी धरून त्याचा आवाज ऐकायचा आणि परत ठेवून द्यायचा. फोटो काढायचं मात्र नाव नाही.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी कानावर पडल्यामुळे जगाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. खोटं बोलण्याआधी माणूस एक श्वास जास्त घेतो, असं त्या सांगत, आणि त्यांच्यासमोर बसलेला माणूस तेवढ्यात आपला श्वास आवरून धरी.

"दुकानदाराला एकगठ्ठा देऊन टाका ना, वहिनी," नणंद म्हणाली.

"दिले असते, वन्सं. पण तेराव्या दिवशी जो दुकानदार सांत्वनाला आला, तो माझ्याकडे कमी आणि कपाटाकडे जास्त बघत होता. मी एकेक करून विकीन. इंटरनेटवर. जगात जेवढे मूर्ख आहेत तेवढे सगळे तिथे जमतात असं ऐकलंय, त्यातला एखादा गिऱ्हाईक निघेलच."

जुन्या, संग्रहातल्या वस्तूंची खरेदी-विक्री करणारी एक वेबसाइट होती. बाईंनी तिथे खातं उघडलं, पलंगावर पांढरी चादर अंथरून पहिल्या कॅमेऱ्याचे फोटो काढले आणि खाली वर्णन लिहिलं: "भिंग नितळ. चाप दाबला की खणखणीत आवाज येतो." पाच मिनिटांत उत्तर आलं. शस्त्रास्त्रांच्या विक्रीला परवानगी नसल्याने आपली जाहिरात काढून टाकण्यात आली आहे.

"शस्त्र?" बाईंनी चष्मा वर केला. "कुठलं शस्त्र?"

"ते 'चाप' लिहिलंय ना तुम्ही," नणंद म्हणाली. "बंदुकीला असतो तो. 'घोडा' लिहा."

बाईंनी 'घोडा दाबला की' असं लिहिलं. या वेळी तीन मिनिटांतच उत्तर आलं. जिवंत प्राण्यांच्या विक्रीला परवानगी नाही. तसंच प्राण्यांना इजा करण्याचा उल्लेख आढळल्यामुळे आपल्याला पहिली ताकीद देण्यात येत आहे.

नणंद तोंडाला पदर लावून हसत सुटली. बाईंना हसू आलं नाही. असल्या कंपनीत निदान एक तरी माणूस नोकरीला असेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. तिसऱ्यांदा त्यांनी 'बटण दाबलं की' असं लिहिलं. जाहिरात लागली, पण शिवणसामानाच्या विभागात. दोन दिवसांनी एका शिंपिणीचा निरोप आला की जांभळ्या रंगात डझनभर मिळतील का. बाईंनी तिला लिहिलं, "एकच आहे, काळं आहे आणि अर्धा किलोचं आहे." शेवटी "क्लिक असा आवाज येतो" एवढंच लिहिल्यावर कॅमेरा कॅमेऱ्यांमध्ये जाऊन बसला.

मग गिऱ्हाइकांची रांग लागली. पहिला स्वतःला फौजी म्हणवत होता. दूर सरहद्दीवर आहे, स्वतः येऊ शकत नाही, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल, तेवढं त्याचं भाडं आधी पाठवा. एका कॅमेऱ्यासाठी टेम्पो! बाईंनी त्याला फोन करायला लावला आणि मिनिटभर ऐकून घेतलं. "तुमच्या सरहद्दीवर मागे आठ-दहा जण हेच वाक्य बोलतायत," त्या म्हणाल्या. "त्यातल्या डावीकडच्याला सांगा, टेम्पो नाही, ट्रक म्हण. जास्त भाडं मागता येईल." फोन कट झाला.

दुसऱ्याने पैसे मिळवण्यासाठी स्कॅन करा म्हणून काळ्या ठिपक्यांचा चौकोन धाडला. मिळवायला स्कॅन कशाला करावं लागतं, एवढा साधा प्रश्न बाईंनी विचारला तर तो त्यांना अडाणी म्हणाला. तिसऱ्याने चुकून जास्त पैसे भरल्याची पावती दाखवली आणि वरचे परत मागितले. पावतीवर बँकेच्या नावातच चूक होती. "आधी शुद्धलेखन परत पाठवा," बाईंनी लिहिलं.

या उद्योगात बाई रमल्या, हे नणंदेच्या लक्षात आलं होतं. सकाळचा चहा झाला की त्या फोन घेऊन खिडकीत बसत आणि आज कोणाची फजिती करायची ते बघत. महिनाभरात नऊ कॅमेरे खऱ्या गिऱ्हाइकांकडे गेले आणि पंचवीसेक भामटे हात हलवत परत गेले. आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, याची बाईंना खात्री पटली. ती आधीही होतीच, आता तिला आकडा मिळाला.

अशात विश्वासू७७ आला.

हे त्याचं वेबसाइटवरचं नाव. संग्रहातला सगळ्यात चांगला कॅमेरा, नवऱ्याने जिवापाड जपलेला, बाईंनी शेवटी विक्रीला काढला होता. विश्वासूने घासाघीस केली नाही. त्याने पहिल्याच निरोपात 'सविनय नमस्कार' लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, पूर्णविराम, स्वल्पविराम, सगळं. भिंगावर बुरशी आहे का, मागचं झाकण घट्ट बसतं का, असे जाणत्याचे प्रश्न विचारले. शेवटी लिहिलं, "आपल्या यजमानांनी वस्तू किती मायेने सांभाळली आहे, हे फोटोंवरूनच कळते."

बाईंनी तो निरोप नणंदेला दोनदा वाचून दाखवला. "बघा. अशीही माणसं असतात अजून."

खरं सांगायचं तर फौजीच्या टेम्पोवर हसणाऱ्या बाई एका स्वल्पविरामाला भुलल्या. कॅमेरा त्यांनी स्वतः गुंडाळला, तीन थर कागद, वर खोकं. पत्ता म्हणून कुठल्याशा पार्सल-केंद्राचा नंबर होता, पण नेहमीच तसा असतो म्हणे. दहाव्या दिवशी खोकं परत आलं. सोबत वेबसाइटचा निरोप: वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, क्लिक असा आवाज येत नाही, ग्राहकाचे पैसे परत करण्यात आले आहेत, परतीच्या पार्सलचा खर्च विक्रेत्याकडून घेण्यात आला आहे.

बाईंनी खोकं उघडलं. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, तसलाच काळा कॅमेरा होता. पण कातडं कोपऱ्यात उचकटलेलं, फिल्म पुढे सरकवायचा दांडा अडकलेला. बाईंनी डायरी काढली. नवऱ्याने प्रत्येक कॅमेऱ्याचा नंबर लिहून ठेवला होता. परत आलेल्याचा नंबर वेगळाच होता.

"वहिनी, हा आपला नाहीच," नणंद म्हणाली.

"दिसतंय मला."

त्यांनी वेबसाइटकडे तक्रार केली. वेबसाइटने विचारलं, मूळ जाहिरातीच्या फोटोत वस्तूचा नंबर का दिसत नाही? बाईंनी लिहिलं, सुरक्षिततेसाठी नंबर झाका, असं तुम्हीच सांगितलं होतं म्हणून त्यावर पट्टी चिकटवली. वेबसाइटने सूचना पाळल्याबद्दल आभार मानले आणि नंबर न दिसल्यामुळे तक्रार फेटाळली. बाईंच्या खात्यापुढे लाल अक्षरांत 'अविश्वसनीय विक्रेता' अशी पाटी लागली. विश्वासूच्या खात्यापुढे पाच तारे तसेच चमकत होते.

दोन दिवस बाईंनी फोनला हात लावला नाही. पैशांचं दुःख होतंच, पण त्याहून जिव्हारी लागलं होतं ते 'सविनय'. तिसऱ्या दिवशी त्या तो मढ्यासारखा कॅमेरा पिशवीत टाकून मेकॅनिककडे गेल्या. हा म्हातारा मेकॅनिक नवऱ्याचे कॅमेरे दुरुस्त करायचा. कोंदट खोली, टेबलावर बाटलीच्या झाकणांमध्ये ठेवलेले स्क्रू, आणि बोलण्याचा कंटाळा.

"सुट्या भागांसाठी घेता का बघा," बाई म्हणाल्या. "नाही तर फेकून द्या. घरात नको मला हा."

मेकॅनिकने दांडा हलवून पाहिला, कॅमेरा कानाशी नेला. "आत फिल्म आहे. तुटून गुंतलीय, म्हणून अडकलाय."

"कोणाची?"

"ज्याचा कॅमेरा त्याची."

बाई जायला निघाल्या होत्या, त्या स्टुलावर बसल्या. मेकॅनिकने दोन बाह्यांची काळी पिशवी काढली, कॅमेरा आत घातला, दोन्ही हात कोपरापर्यंत आत सारले आणि छताकडे बघत अंधारात बराच वेळ काहीतरी चाचपलं. "उद्या या," तो म्हणाला. "फार जुनी आहे. काही निघालं तर निघालं."

चौदा फोटो निघाले, काळेपांढरे, कडेने धुरकटलेले. सगळ्यांत एकच बाई होती. तिशीच्या आतबाहेरची, साडीचा पदर खोचून शिडीवर चढलेली, हातात ब्रश. दुकानाची पाटी रंगवत होती. एका फोटोत ती फोटो काढणाऱ्यावर ब्रश उगारून हसत होती, एकात पायरीवर बसून कपाळावरचा रंग पुसत होती. पाटीवर 'फोटो स्टुडिओ' एवढं झालं होतं. खाली टेलिफोन नंबर लिहायला घेतलेला, त्यातले पहिले तीनच आकडे रंगवून झाले होते. मागे कौलांच्या वर गोल जिना असलेली पाण्याची टाकी.

"नाव नाही, नंबर अर्धा," मेकॅनिक म्हणाला. "काय उपयोग?"

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला. "जुन्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे एक्स्चेंज. शेहेचाळीस. रेल्वे फाटकापलीकडचं. उद्घाटनाला पेढे मी वाटलेत त्याच्या."

"पोलिसांत जाऊ या," घरी फोटो पाहून नणंद म्हणाली.

"गेले होते कालच. तक्रार ऑनलाइन भरा म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बसने फाटकापलीकडे गेल्या. टाकी दुरूनच दिसली. तिच्याभोवती दोन गल्ल्या पालथ्या घातल्यावर तीच पायरी सापडली. वर आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. आत चाळिशी ओलांडलेला माणूस बसला होता, स्लीपर, दोरीला अडकवलेला चष्मा. त्याच्यामागे काचेच्या कपाटात, जुन्या रेडिओच्या शेजारी, बाईंचा कॅमेरा होता.

"तो जरा दाखवा," बाई म्हणाल्या.

माणूस खुशीत उठला. "नजर चांगली आहे आपली. भिंग नितळ आहे. यजमानांनी फार मायेने सांभाळलेला नग आहे. आणि हे ऐका, क्लिक असा आवाज येतो."

आपणच लिहिलेलं वर्णन असं आयतं ऐकून घेताना बाईंनी ओठ घट्ट मिटले. चोरी करून वर चार शब्दसुद्धा याला नवे सुचले नव्हते. त्यांनी कॅमेरा उलटा केला, नंबर वाचला आणि तो सरळ आपल्या पिशवीत ठेवला.

"अहो! हे काय?"

"सविनय नमस्कार, विश्वासू सत्त्याहत्तर."

माणसाने श्वास घेतला. एक जास्तच. "कोण? आपली काहीतरी गल्लत होतेय, मावशी. मी हा बाजारातून..."

"मावशी म्हणू नका. माझ्या बहिणीला असली मुलं नाहीत." बाईंनी पाकिटातून फोटो काढले आणि कव्हरांच्या ढिगावर एकेक करून मांडले.

माणूस फोटोंवर वाकला. त्याने चष्मा लावला. पायरीवर बसलेल्या बाईचा फोटो उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"हे कुठे मिळाले तुम्हाला?"

"तुम्हीच पाठवलेत. पार्सलने. माझ्या खर्चाने."

"आई आहे ही माझी," तो म्हणाला. "मी दोन वर्षांचा असताना गेली. वडिलांनी लग्नातला एक फोटो ठेवला होता, बाकी सगळे... तो कॅमेरा तेव्हापासून अडकलेलाच होता. त्यांनी कधी उघडू दिला नाही."

"आणि तुम्ही तो लोकांना गंडवायला वापरलात. कितव्यांदा?"

त्याने चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा. आधीच्या दोघांनी उघडून न बघता परत पाठवला. म्हणजे... मीच दुसऱ्या नावाने, बिघडलेलाच कॅमेरा हवाय म्हणून, थोडक्या पैशांत मागवून घेतला. तुम्हालाही लिहिणार होतो." तो खुर्चीत बसला आणि रडायला लागला, चष्मा न काढताच.

बाईंनी त्याला रडू दिलं. त्यांना वाटलं होतं, एवढा चोख डाव टाकणारा माणूस निदान बुद्धीने तरी तोडीस तोड असेल. आणि समोर निघाला हा, स्लीपर घातलेला, कव्हरं विकणारा.

"फोटो ठेवा," त्या म्हणाल्या. "निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. माझ्या खात्यावरची लाल पाटी ज्या दिवशी निघेल त्या दिवशी ते मिळतील. लिहा वेबसाइटला की तुम्ही चोर आहात. शुद्धलेखन तुमचं चांगलं आहेच."

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी अकरा वाजता बाईंचा फोन वाजे, आणि विश्वासू रडकुंडीला येऊन हकीकत सांगे. त्याने लिहिलं की कॅमेरा मी बदलला. वेबसाइटने कळवलं, आपल्या तक्रारीचा निकाल आपल्या बाजूने लागल्याबद्दल अभिनंदन. त्याने लिहिलं की निकाल चुकीचा आहे. वेबसाइटने विचारलं, निकालाबद्दल आपण किती समाधानी आहात, पाचपैकी तारे द्या.

"मी एक तारा दिला," तो म्हणाला.

"मग?"

"मनस्ताप झाल्याबद्दल त्यांनी मला पुढच्या खरेदीवर सवलत दिली."

नणंद शेजारी कान लावून बसलेली असे. ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "पुन्हा लिहा," आणि फोन ठेवला. मनातून त्यांना वाटलं, या माणसाला तुरुंगात धाडलं असतं तर एवढी शिक्षा झाली नसती.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वेबसाइटने संशयास्पद हालचालींमुळे त्याचं खातं बंद केलं. लिहायची वाटही संपली. त्या दिवशी त्याचा फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. "पळाला," नणंद म्हणाली. बाईंनी "अपेक्षाच होती" असं म्हटलं, पण अकरा वाजता त्या दोन्ही दिवशी फोनपाशी होत्या.

तो पळाला नव्हता. दुकान बंद करून, रात्रभराचा प्रवास करून, तो कंपनीच्या कचेरीत जाऊन बसला होता. चकचकीत इमारत, खाली एक पहारेकरी. पहारेकऱ्याने विचारलं, तक्रार आहे का? हा म्हणाला, आहे. कोणाविरुद्ध? माझ्याविरुद्ध. पहारेकऱ्याने त्याला वेड्यात काढून बाहेर बसवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून सुटलेल्या एका कारकून मुलीला त्याने पायऱ्यांवर गाठलं, दोन्ही कॅमेऱ्यांचे नंबर दाखवले आणि कबुलीजबाब सही करून हातात दिला. तिने तो उभ्याउभ्या वाचला. "आमच्याकडे यासाठी रकानाच नाहीये," ती म्हणाली. पण कागद तिने पर्समध्ये ठेवला.

चार दिवसांनी बाईंच्या खात्यावरची लाल पाटी गेली. स्पष्टीकरण नाही, क्षमा नाही. बाईंना ती अपेक्षाही नव्हती.

निगेटिव्ह पोस्टाने पाठवा, असं नणंद म्हणाली. "पोस्टाने?" बाई म्हणाल्या. "आणि हा म्हणाला पोचलेच नाहीत तर?" त्या स्वतः बसने गेल्या. विश्वासू थांब्यावरच उभा होता, दाढी वाढलेली, हात कपड्यांना पुसत.

"आधीच्या दोघांचे पैसे?" बाईंनी विचारलं.

"एकाचे परत केले. दुसऱ्याचे करतोय. पत्ता शोधतोय त्याचा."

बाईंनी त्याचा श्वास ऐकला. काही सापडलं नाही, याचा त्यांना थोडा रागच आला. त्यांनी पाकीट पुढे केलं. त्याने पट्टी बाहेर काढली, कडांना धरून उन्हासमोर नेली आणि डोळे बारीक करून बघत राहिला. काळा चेहरा, पांढरे केस, हातात पांढरा ब्रश.

"पाटीवरची अक्षरं उलटी का दिसतात?" त्याने विचारलं.

"फोटो स्टुडिओवाल्याचा मुलगा!" बाईंनी कपाळाला हात लावला. "उलटी धरलीय तुम्ही. चकचकीत बाजू आपल्याकडे करायची. द्या इकडे."

त्यांनी पट्टी फिरवून त्याच्या हातात दिली आणि बस येईपर्यंत, बोटं लागू देऊ नका, बोटं लागू देऊ नका, असं त्याच्यावर खेकसत शेजारी उभ्या राहिल्या.